अंतराचा हिशेब : पक्षी-कीटकांच्या हौशी छायाचित्रणाची साधने

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. घराच्या कुंपणालगतच्या लिंबाच्या झाडात शिंपी पक्ष्याने घरटे केले होते. दोन-तीन पाने टाचून केलेल्या त्या द्रोणात चार पिल्ले होती. माझ्याकडे तेव्हा नवा कॅमेरा होता आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स. वरचे एक पान सारखे आड येत होते. मी ते दोऱ्याने बाजूला बांधले आणि मनसोक्त फोटो काढले. उद्या उजेड आणखी चांगला मिळेल म्हणून दोरा तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी घरटे फाटलेले होते आणि रिकामे होते. कुंपणावर भारद्वाज बसलेला होता.

पान बाजूला बांधल्यामुळेच ते घडले, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिंप्याची घरटी एरवीही लुटली जातात. पण त्या पानाचे तिथे काय काम होते, हे मला त्या सकाळी समजले. पुढे त्याच फोटोला एका छोट्या प्रदर्शनात बक्षीस मिळाले. बघणारा प्रत्येक जण म्हणत होता, ‘किती जवळून काढलाय!’

त्यानंतर मी कॅमेरे आणि लेन्स यांच्याबद्दल बरेच वाचले, काही साधने वापरली, काही मित्रांकडून मागून आणून पारखली. मोजपट्टी आणि वही घेऊन अंगणात प्रयोग केले. हे शास्त्र मी कुठल्या वर्गात शिकलेलो नाही. पण या खटाटोपातून एक गोष्ट पक्की झाली. पक्षी-कीटकांच्या छायाचित्रणात साधन म्हणजे आपल्यात आणि त्या जिवात किती अंतर राहील, याचा आधी केलेला हिशेब असतो. तो आपण केला नाही तर त्याची किंमत समोरचा जीव मोजतो. हा लेख त्या हिशेबाविषयी आहे.

दोन फूट, अकरा फूट, बावीस फूट

सुरुवात लिंबाच्या झाडापासूनच करू. शिंपी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचा पक्षी. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे जुन्या फिल्मच्या जागी बसवलेला प्रकाशग्राही तुकडा, साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद होता. पक्ष्याने चौकटीची निम्मी रुंदी भरावी असे वाटत असेल, तर त्याची सेन्सरवरची प्रतिमा पावणेबारा मिलिमीटरची हवी. म्हणजे मूळ आकाराच्या साधारण एक दशांश.

आता शाळेतल्या भिंगाचे गणित वापरले, तर ५५ मिलिमीटर फोकल लेंग्थच्या लेन्सने अशी प्रतिमा मिळवायला पक्ष्यापासून दोन फुटांवर जावे लागते. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने हाच फोटो अकरा फुटांवरून निघतो आणि ६०० मिलिमीटरच्या लेन्सने बावीस फुटांवरून. तिन्ही फोटोंत पक्षी तेवढाच मोठा दिसेल. बघणाऱ्याला फरक कळणारही नाही. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र दोन फुटांवरचा माणूस आणि बावीस फुटांवरचा माणूस या दोन वेगळ्या घटना आहेत.

म्हणून ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ या नेहमीच्या प्रश्नाला मी आधी उलट प्रश्न विचारतो, ‘कशाचे फोटो काढणार आणि किती अंतरावरून?’ याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या चर्चेला अर्थ नाही.

बंदुकीनंतर आलेले यंत्र

हा अंतराचा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारून त्याचे कातडे भरून ठेवणे, आणि कीटकांचा अभ्यास म्हणजे ते टाचणीला टोचून ठेवणे. आपले सलीम अली १९०८मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेले, ते छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला. संस्थेचे तेव्हाचे सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले आणि पुढचा इतिहास घडला.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ दुसऱ्या वाटेने चालले होते. १८९२मध्ये त्यांनी अंडी असलेल्या घरट्याचा फोटो काढला आणि १८९५मध्ये संपूर्णपणे निसर्गातल्या छायाचित्रांनी सजवलेले पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक काढले. लांब पल्ल्याच्या लेन्स त्यांच्याकडे नव्हत्या. जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. मग त्यांनी बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवले आणि आत कॅमेऱ्यासह माणूस उभा केला. आज त्याचे चित्र पाहून हसू येते, पण लेन्स पुरत नाही तेव्हा माणसाला लपावे लागते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. आज ज्याला आपण लपण म्हणतो, त्याचाच हा एक पूर्वज.

जवळ जाण्याची किंमत कधी कधी माणसानेही मोजली आहे. एरिक हॉस्किंग हे विसाव्या शतकातले नामवंत पक्षी-छायाचित्रकार. १९३७मध्ये घुबडाच्या घरट्यापाशी काम करताना मादीने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. ते पुढेही आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढत राहिले.

आपल्याकडे सिंगापूरचे उद्योगपती लोक वान थो यांनी सलीम अलींच्या सोबतीने पक्ष्यांची उत्कृष्ट छायाचित्रे काढली. मद्रासचे एम. कृष्णन यांनी वेगवेगळ्या यंत्रांचे भाग जुळवून स्वतःचा अवजड कॅमेरा तयार केला आणि त्याला गमतीने ‘सुपर पाँडेरोसा’ असे नाव दिले. लोक वान थो सधन होते, कृष्णन यांनी जुळवाजुळवीवर भागवले. हौशी माणसांचे हे दोन्ही नमुने आजही भेटतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाची घटना १९९७च्या नोव्हेंबरमधली. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४नंतर खात्रीने कुणाला मिळाला नव्हता. संग्रहालयांत त्याची मोजकी भरलेली कातडी तेवढी होती. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. शतकभरापूर्वी अशा प्रसंगी बंदूक उचलली गेली असती. या वेळी कॅमेरा उचलला गेला. फोटो आणि व्हिडिओ हाच पुरावा ठरला आणि पक्षी आपल्या फांदीवर राहिला.

लेन्सचे तोंड

साधनांकडे वळू. हौशी माणूस लेन्स घेताना तिची लांबी विचारतो, ‘पाचशेची आहे की सहाशेची?’ लांबी महत्त्वाची आहेच, कारण प्रतिमा किती मोठी पडणार हे तिच्यावर ठरते. पण त्या प्रतिमेत तपशील किती असेल आणि प्रकाश किती असेल, हे ठरते लेन्सच्या तोंडाच्या रुंदीवर.

ही रुंदी काढायला सोपी आहे. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागायचे. ४०० मिलिमीटर, एफ ५.६ असेल तर ७१ मिलिमीटर. लोकप्रिय १५०-६०० झूम लेन्स सहाशेवर एफ ६.३ची असते, म्हणजे ९५ मिलिमीटर. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या खांद्यावर दिसणारी ६०० एफ ४ची तोफ म्हणजे १५० मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ही तोफ झूमच्या अडीचपट प्रकाश गोळा करते. दहा लाखांच्या वर जाणारी किंमत आणि तीन किलोंच्या आसपासचे वजन मुख्यतः या तोंडासाठी असते.

हीच मोजपट्टी इतर साधनांना लावली की जाहिरातींतले बरेचसे धुके निवळते. निकॉनचा पी ९०० हा एकसंध कॅमेरा २०१५मध्ये आला, तेव्हा ‘२००० मिलिमीटर’ हा आकडा ऐकून आमच्या गटातले सगळे चकित झाले होते. प्रत्यक्षात त्याची लेन्स ३५७ मिलिमीटरची आहे आणि तिचे सर्वांत लांबचे टोक एफ ६.५चे. २००० हा आकडा मोठ्या सेन्सरच्या तुलनेत मांडलेला आहे. पी ९००चा सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे चौकटीत फक्त मधला लहानसा तुकडा येतो आणि पक्षी मोठा दिसतो. तोंड मोजले तर ५५ मिलिमीटर. कॅननने २०२०मध्ये ६०० मिलिमीटर, एफ ११ची किलोभराहून हलकी लेन्स काढली. तिचेही तोंड ५५च मिलिमीटर. एकाच झाडाखाली उभे राहून या दोन यंत्रांनी एकच पक्षी टिपला, तर त्याच्याकडून दोघांना मिळणारा प्रकाश जवळपास सारखाच असतो. बाहेरून एवढी वेगळी दिसणारी दोन साधने मुळात एका तोलाची निघतात.

यातून पी ९००सारखे कॅमेरे टाकाऊ ठरत नाहीत. चांगल्या उन्हात, स्थिर बसलेल्या पक्ष्याची ओळख पटवण्याइतका फोटो ते दुरून देतात, तेही व्यावसायिक लेन्सच्या किमतीच्या लहानशा अंशात. २०१३ ते २०१५ या काळात टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६००, निकॉनची २००-५०० आणि पी ९०० अशी साधने पाठोपाठ आली आणि शिक्षक, बँक कर्मचारी, शेतकरी, विद्यार्थी यांना दुरून फोटो काढणे प्रथमच परवडू लागले.

मोबाइल फोनच्या मुख्य लेन्सचे तोंड चार मिलिमीटरच्या आसपास असते. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली याहून मोठी होते. म्हणून फोनने पक्षी टिपायचा तर तो फोन दुर्बिणीच्या भिंगाला लावावा. दुर्बिणीचे तोंड फोनला उसने मिळते. हात स्थिर असेल तर पाणथळीवरच्या पक्ष्याची नोंद करण्याजोगे फोटो असे निघतात.

उजेड आणि हवा

फिल्मच्या दिवसांपासून चालत आलेला एक नियम आहे. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ठेवले, तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके उघडायचे. एफ ६.३वर हाच वेग सेकंदाचा सहाशे चाळिसावा भाग होतो. बसलेल्या पक्ष्याला तो भरपूर आहे. पण आपले देखणे पक्षी भर उन्हात कुठे बसतात? नवरंग किंवा स्वर्गीय नर्तक पाहायचा तर दाट सावलीत जावे लागते. तिथे उजेड उन्हाच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतका उतरला, असे धरले तर शटर सेकंदाचा दहावा भाग उघडे ठेवावे लागेल. तेवढ्यात पक्षी मान वळवेल आणि हातही हलेल. आयएसओ ३२०० केला की वेग सेकंदाच्या तीनशे विसाव्या भागावर येतो, पण चित्रात रवाळपणा वाढतो. उडत्या पक्ष्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग लागतो. तो त्या सावलीत मिळवायचा तर जास्त उजेड हवा किंवा मोठे तोंड हवे.

लेन्समधली कंप रोखणारी यंत्रणा फक्त आपला हात सावरते. पक्षी हलला तर तिचा उपयोग नाही. हा साधा फरक दुकानात क्वचितच सांगितला जातो.

आणि एका गोष्टीवर कुठल्याच लेन्सचे चालत नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला गेलेल्यांनी अनुभवले असेल. दहा-अकरा वाजले की पाणी आणि चिखल तापतो, हवा थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्याच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. लोक म्हणतात, फोकस बिघडला. बिघडलेली असते हवा. अशा वेळी लांब लेन्स थरथरीलाही मोठे करून दाखवते. तेव्हा सकाळी लवकर जाणे, सूर्य पाठीशी ठेवणे आणि नावेत किंवा झुडपाआड स्थिर बसून पक्ष्यालाच जवळ येऊ देणे, हाच उपाय उरतो. या उपायाला पैसे पडत नाहीत, वेळ मात्र लागतो.

कीटक : उलटा हिशेब

कीटकांकडे आलो की हिशेब उलटतो. पक्ष्याच्या बाबतीत दूर राहून मोठी प्रतिमा हवी असते, तर कीटकाच्या बाबतीत जवळ जावेच लागते. अडचण येते ती स्पष्टतेच्या खोलीची.

मॅक्रो लेन्स म्हणजे जिवाची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराइतकी पाडू शकणारी लेन्स. सहा मिलिमीटरची मुंगी सेन्सरवरही सहा मिलिमीटरची दिसते. या मापाला मोठ्या सेन्सरवर एफ ११ ठेवले तर स्पष्ट दिसणारा थर जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. एफ २.८ ठेवले तर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर. मग छिद्र अजून बारीक का करू नये? कारण प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो आणि बारीक तपशील मऊ पडतो. शिवाय मूळ आकाराच्या फोटोत एफ ११चे छिद्र प्रत्यक्षात एफ २२सारखे वागते. अनुभवी मंडळी म्हणूनच एफ ८ ते एफ ११च्या आसपास थांबतात आणि कॅमेरा कीटकाच्या शरीराला समांतर धरतात. त्यामुळे आहे तेवढ्या पातळ थरात जास्तीत जास्त शरीर बसते.

इथेही अंतर आहेच. ६० मिलिमीटरच्या मॅक्रोने मूळ आकाराचा फोटो काढायचा, तर लेन्सचे टोक कीटकापासून दहा सेंटिमीटरच्या आसपास येते. १०० मिलिमीटरच्या मॅक्रोने तेरा ते पंधरा सेंटिमीटर. हा थोडासा फरक फार मोलाचा आहे, कारण एवढ्या जागेतून फ्लॅशचा उजेड आत जायचा असतो आणि आपली सावली कीटकावर पडू द्यायची नसते. चतुर तर माणूस दीड मीटरवर आला तरी उडतो. त्याच्यासाठी जवळ फोकस होणारी ३०० मिलिमीटरची लेन्स चांगली. दीड मीटरवरून ती मूळ आकाराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याची प्रतिमा देते. पाच सेंटिमीटरच्या चतुरासाठी तेवढी पुरते.

मॅक्रो लेन्स परवडत नसेल तरी वाट बंद होत नाही. रेनॉक्सचे डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टरचे जोडभिंग काही हजार रुपयांत मिळते आणि साध्या ५५-२५० झूमच्या पुढे चिमट्यासारखे बसते. आठ डायॉप्टर म्हणजे १२५ मिलिमीटर फोकल लेंग्थ. २५०ला १२५ने भागा, दोन येतात. म्हणजे जुन्या झूमवर मूळ आकाराच्या दुप्पट प्रतिमा मिळते. टाचणीचे डोळे आणि उडी मारणाऱ्या कोळ्याची आठ डोळ्यांची मांडणी मी प्रथम अशीच पाहिली. (कोळी कीटक नव्हे, पण कीटकांच्या मागे लागलेला माणूस कोळ्यांपर्यंत पोचतोच.)

कीटकांच्या फोटोत फ्लॅश हे मुख्य साधन असते. कमी ताकदीवर ठेवलेला फ्लॅश सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे हाताचा कंप आणि वाऱ्याची झुळूक दोन्ही गोठतात. त्याचा उजेड मात्र टोकदार असतो आणि भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो. म्हणून फ्लॅशपुढे पांढरा पडदा हवा. दुधी प्लॅस्टिकच्या कॅनचा कापलेला तुकडा आणि त्याआड ट्रेसिंग पेपर, एवढ्यावर काम भागते. पडदा जेवढा मोठा आणि कीटकाच्या जेवढा जवळ, तेवढा उजेड मऊ. काळी पार्श्वभूमी का येते, हेही इथेच समजते. फ्लॅश कीटकापासून १५ सेंटिमीटरवर असेल आणि मागचे पान फ्लॅशपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर पानाला सोळाव्या हिश्श्याचाच उजेड मिळतो. दिवसाढवळ्या काढलेल्या फोटोत रात्र दिसते ती अशी.

कीटक थंड हवेत मंदावतात. पहाटे दव पडलेल्या गवतावर टाचण्या आणि फुलपाखरे निमूट बसलेली सापडतात. याचा गैरफायदा म्हणजे कीटक पकडून फ्रीजमध्ये गार करणे आणि मग हव्या त्या फुलावर ठेवून फोटो काढणे. तो फोटो कितीही रेखीव आला तरी त्याने सांगितलेली गोष्ट खोटी असते, कारण तो कीटक त्या फुलावर कधी आलेलाच नसतो.

ओळख पटवणारा फोटो

हौशी छायाचित्रकाराच्या कामाला आज पूर्वी नव्हते एवढे मोल आले आहे. कुठल्या तालुक्यात कोणते फुलपाखरू कोणत्या महिन्यात दिसते, याची माहिती मोठ्या प्रमाणात हौशी लोकांच्या फोटोंतून जमा होते. पण त्यासाठी फोटोने काही अटी पाळाव्या लागतात.

महाराष्ट्राने २०१५मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंत फोनच्या फोटोतही ओळखू येतो. छोट्या निळ्या फुलपाखरांचे तसे नाही. त्यांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांवर ठरते, म्हणून मिटलेल्या पंखांचा बाजूने काढलेला फोटो हवा. चतुर-टाचण्यांसाठी छातीची बाजू आणि पोटाच्या टोकाची उपांगे स्पष्ट हवीत. पर्णवटवट्यांसारखे पक्षी तर फोटोपेक्षा आवाजावरून लवकर ओळखू येतात. अनेक पतंग, भुंगेरे आणि माश्या यांची जात फोटोवरून ठरतच नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली जननांगे पाहावी लागतात. अशा वेळी नोंदीत कुळ किंवा प्रजाती लिहून थांबण्यात कमीपणा नाही.

फोटोत आकारही हरवतो. जवळून काढलेला पाच मिलिमीटरचा किडा आणि पाच सेंटिमीटरचा किडा पडद्यावर सारखेच दिसतात. म्हणून शेवटी एक फोटो शेजारी बोट किंवा नाणे येईल असा काढावा.

रानपिंगळ्याच्या गोष्टीचा एक धागा इथे जुळतो. त्याचा एक भरलेला नमुना १९१४मध्ये मिळवल्याचे ब्रिटिश संग्राहक रिचर्ड माइनर्टझागेन यांनी नोंदवले होते. पुढे रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून दाखवले की तो जुना नमुना संग्रहालयातून चोरलेला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. पक्षी खरा होता, स्थळ-काळ खोटा होता. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, शटर, फोकल लेंग्थ ही माहिती आपोआप नोंदली जाते. तीच त्या फोटोची चिठ्ठी. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर ती चिठ्ठीही खोटी ठरते. संदेशाच्या अ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून ही माहिती बहुधा पुसली जाते. फोटो धारदार करणारी काही नवी सॉफ्टवेअर तर नसलेला तपशील अंदाजाने भरतात आणि पिसावर कधीच नसलेली रेघ उमटते. भिंतीवर लावायला तो फोटो चालेल. नोंदीसाठी कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल जपून ठेवावी.

एक गोष्ट मात्र लपवावी. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण वहीत राहावे, जाहीर फोटोसोबत जाऊ नये. एका फोटोमागोमाग पन्नास कॅमेरे त्याच झाडाखाली उभे राहतात.

कोणी काय घ्यावे

नुकती सुरुवात करणाऱ्याने आधी ८×४२ची चांगली दुर्बीण घ्यावी आणि वर्षभर पाहावे. त्यानंतर पक्ष्यांची ओढ असेल आणि खर्च बेताचा ठेवायचा असेल, तर लांब झूमचा एकसंध कॅमेरा. अधिक करायचे असेल तर मध्यम सेन्सरचा जुना कॅमेरा आणि त्यावर ३००पर्यंतची किंवा जमल्यास १५०-६००ची लेन्स. कॅमेऱ्याचा सांगाडा जुना चालतो, पैसा लेन्समध्ये घालावा. कीटकांसाठी साधी झूम, जोडभिंग आणि फ्लॅश. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा शोधणारा फोकस आणि आवाज न करणारे शटर असते. ही शांतता पक्ष्याला खरोखर सोयीची आहे. मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांत हे मूक शटर चित्र ओळीओळीने वाचते, त्यामुळे उडत्या पंखांचा आकार वाकडा येऊ शकतो.

जुनी लेन्स घेताना टॉर्चच्या उजेडात आतून पाहावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काचेवर बुरशीचे जाळे धरते आणि वाढले की काच खाते. लेन्स कातडी पिशवीत कोंडून ठेवू नये. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी आणि जेल दमट झाले की गरम करून सुकवावे. लांब लेन्स टेकवायला हरभऱ्यांनी भरलेली कापडी पिशवी गाडीच्या खिडकीत तिपाईपेक्षा सरस ठरते.

आणि घरट्यांपासून दूर राहावे. यात सभ्यतेचा भाग आहेच, शिवाय कायदाही आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हेही येते. बंदूक हातात नसली तरी. हे वाचले त्या दिवशी मला लिंबाच्या झाडावरचा दोरा आठवला. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना समोर ओढणे हाही त्यातलाच प्रकार. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत न आलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत दमतो आणि तेवढा वेळ घरटे वाऱ्यावर राहते.

अंतर बरोबर आहे की नाही, हे पक्षी स्वतः सांगतो. त्याने खाणे थांबवले, मान ताठ केली, शेपटी झटकू लागला, सारखा इशाऱ्याचा आवाज काढू लागला किंवा चोचीत अळी घेऊन घरट्याकडे न जाता फांदीवरच थांबला, की आपण जास्त जवळ आलो आहोत. तेव्हा मागे सरकायचे. लेन्स अपुरी पडत असेल तर पक्षी लहान येऊ द्यायचा. आजूबाजूच्या पानाफुलांसह आलेला लहान पक्षी पुष्कळदा अधिक सांगतो. तो कुठे राहतो, काय खातो, कशाच्या आडोशाने बसतो, हे त्यात दिसते.

माझ्या नोंदवहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि जात यांच्या पुढे आता आणखी एक रकाना आहे, अंतराचा. पावलांनी मोजून लिहितो. गेल्या पावसाळ्यात त्याच कुंपणात, त्याच लिंबाच्या झाडात शिंप्याने पुन्हा घरटे केले. घरटे मला दिसले नाही, शोधलेही नाही. ओट्यावर बसून, तेवीस फुटांवरून, अळी घेऊन येणाऱ्या जोडप्याचे फोटो काढले. सोळाव्या दिवशी आखूड शेपटीची तीन पिल्ले फांदीवर ओळीने बसली होती. फोटोत एका पिल्लाच्या तोंडावर पान आले आहे. ते तसेच राहू दिले आहे.

बक्षिसाचा तो जुना फोटो अजून माझ्याकडे आहे. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, ‘अंतर : दोन फूट.’